धागा: बेळगावच्या शहापुरात एका घराची दोन घरं करायची आहेत. परवानगी मनपाची, बुडाची (बेळगाव नगरविकास प्राधिकरणाची) की कुणाचीच नको?

शहापूरचा_सोपा

नमस्कार मंडळी. शहापुरात आमचं वडिलोपार्जित घर आहे. गल्लीकडे तोंड साडेबावीस फूट, खोली मागच्या परड्यापर्यंत नव्वद फूट. पुढे सोपा, मग माजघर, देवखोली, स्वयंपाकघर, न्हाणी, शेवटी परडं आणि विहीर. दोन्ही अंगच्या भिंती शेजाऱ्यांशी सामाईक. पुढच्या निम्म्या भागावर बाबांनी स्लॅब टाकून वर दोन खोल्या काढल्या होत्या. तेवढ्याचा परवाना कपाटात आहे, मागचा भाग अजून कौलारू.

बाबा गेले. आता घरात आई, दादा-वहिनी आणि त्यांची मुलं, आम्ही तिघं. ताई कोल्हापुरात असते. भांडण कसलंच नाही, पण चुली केव्हाच दोन झाल्यात. आता रीतसर दोन घरं करावीत असं सगळ्यांचंच म्हणणं आहे.

विचारायला गेलं की प्रत्येक जण वेगळं सांगतो. आतलं काम आहे, परवानगी लागतच नाही, असं एक जण म्हणतो. दुसरा म्हणतो बुडात जा. तिसरा म्हणतो आधी वाटणीपत्र करून टाका, बाकीचं आपोआप होतं. ज्यांनी हे केलंय त्यांनी सांगावं.

कंग्राळीकर

परवानगी-बिरवानगी कशाला बघालास? मधे भिंत घाल, मागनं दार काढ, हेस्कॉमचा दुसरा मीटर घे, झालं काम. आमच्या गल्लीत निम्म्या लोकांनी असंच केलंय. गृहज्योती (फुकट विजेची योजना) पण दोन्हीकडं बसतंय.

अनगोळची_लेक

मागनं दार काढ म्हणे. मागे परडं आणि त्याच्यामागे दुसऱ्याचं परडं. दार उघडून जायचं कुठं, विहिरीत?

जुना_ओव्हरसियर

कंग्राळीकर, तुम्ही सांगता तसं वर्षानुवर्षं चाललं हे खरं. पण १७ डिसेंबर २०२४ ला सुप्रीम कोर्टाचा निकाल आला. मेरठच्या शास्त्रीनगरात राहण्याच्या प्लॉटवर दुकानं बांधली होती, त्या प्रकरणातला. बांधकाम मंजूर नकाशाप्रमाणे झाल्याचा दाखला बघितल्याशिवाय वीज-पाण्याची जोडणी देऊ नये, असं त्यात देशभरासाठी सांगितलं. तेव्हापासून आपल्याकडे वीज कंपन्या नव्या जोडणीला ताबा दाखला मागू लागल्या. पुढे राज्य सरकारनं १२०० चौरस फुटांपर्यंतच्या प्लॉटवरच्या लहान घरांना सवलत दिली. शहापूरकरांचा प्लॉट दोन हजारांच्या वर जातो, तेव्हा त्यांनी त्या सवलतीकडे डोळे लावून बसू नये. मीटर मागायला गेल्यावर नकाशा मागितला की मधली भिंत कुणाला दाखवणार?

आता मूळ प्रश्न. तुमच्या डोक्यात तीन कामं एकत्र कालवली गेलीत, ती आधी सुटी करा. घराच्या रचनेत फेरफार करणं हे एक काम. मालकीची वाटणी दुसरं. मीटर, नळ, घरफाळा हे तिसरं. प्रत्येकाचं ऑफिस वेगळं, कायदा वेगळा. एक झालं म्हणून दुसरं होत नाही. दोन मीटर असलेली शेकडो घरं बेळगावात आहेत, कागदावर ती एकच घर आहेत.

फेरफाराची परवानगी मनपाची. कर्नाटक महानगरपालिका कायदा १९७६, कलम २९९ खाली अर्ज, लायसन्सवाल्या इंजिनिअरमार्फत. पुरं झाल्यावर कलम ३१० खाली पूर्णत्वाचा आणि ताब्याचा दाखला. बुडाचं काम भूवापर आणि प्लॉट पाडणं, म्हणजे १९६१ चा नगररचना कायदा. राहण्याच्या जागेत एकाऐवजी दोन कुटुंबं राहिली म्हणून भूवापर बदलत नाही, त्यामुळे कलम १४-अ च्या वाटेला जायचं कारण नाही. मात्र जमिनीचेच दोन प्लॉट करणार असाल तर बुडा आलंच.

शहापूरचा_सोपा

साहेब, म्हणजे प्लॉट एकच ठेवून आत दोन घरं केली तर फक्त मनपा?

जुना_ओव्हरसियर

बरोबर. तरी बुडातून एक कागद आधी काढाच: तुमच्या सिटी सर्व्हे नंबरचा झोनिंग दाखला. तो झोन कळावा म्हणून नव्हे, शहापुरात झोन राहण्याचाच निघेल. मला बघायचंय ते तुमच्या गल्लीची रुंदी मास्टर प्लॅनमध्ये किती धरलीय ते. जागेवर गल्ली असते पंधरा फूट आणि नकाशात असते तीस. मग नव्या परवान्यात पुढची हद्द गल्लीच्या मध्यापासून मोजतात आणि तुमचा सोपा निम्मा रस्त्यात जातो. जुन्या पेठांतले लोक परवानगीला घाबरतात ते फीला नाही, ह्या रेघेला घाबरतात. आणि त्यांचं अगदीच चुकतं असं मी म्हणणार नाही.

म्हणून पुढच्या भागाला हात लावायचा की नाही हे रुंदी कळल्यावर ठरवा. बाबांचा परवाना आहे तो भाग जसाच्या तसा ठेवून मागच्याच भागात काम दाखवता आलं तर डोकेदुखी बरीच कमी होते.

कंग्राळीकर

बघा, साहेबच सांगालेत की लोकं उगीच घाबरत नाहीत.

जुना_ओव्हरसियर

घाबरा, पण नकाशा बघून घाबरा.

अनगोळची_लेक

आमच्याकडे हेच झालंय, काकांचं आणि आमचं, त्यामुळे घराच्या आतलं मी सांगते.

साडेबावीस फुटी घर लांबीत चिरायचा विचार करू नका. भिंतीची जाडी गेली की एकेकाला दहा फूट उरतात. दहा फुटांत पलंग टाकला की चालायला वाट राहत नाही आणि नव्वद फूट लांबीचा बोगदा तयार होतो. उरतात दोन रस्ते: पुढे-मागे, नाहीतर खाली-वर.

पुढे-मागे केलंत तर मागच्या घराला सोप्यातून बोळ काढावा लागतो. आम्ही साडेतीन फुटांचा काढला. स्कूटर जाते, पण हँडल भिंतीला घासतं. फ्रीज आणला तेव्हा दाराची चौकट काढावी लागली. पुढच्या घराचा सोपा तेवढा अरुंद झाला, म्हणून काकू अजून बोलून दाखवतात. सगळ्यात वाईट अवस्था माजघराची. दोन्ही अंगांना शेजाऱ्यांच्या भिंती, पुढे एक घर, मागे एक घर. उजेड येणार कुठून? कौलात काचेची कौलं बसवली तेवढीच. मधे खुला चौक सोडला असता तर दोन्हीकडे उजेड आला असता, पण जागा सोडायला कुणी तयार नव्हतं.

आणि कौलं. पुढचा स्लॅब आणि मागचं कौलारू जिथे भेटतं तिथे पन्हळ येते. आपल्याकडचा पाऊस तुम्हाला सांगायला नको. ती पन्हळ कुणाच्या हद्दीत आणि साफ कुणी करायची, हे आम्ही कागदावर लिहिलं नव्हतं. जुलैत वरून पाणी गळतं आणि खाली दोन घरं एकमेकांकडे बघत बसतात.

कोर्टकचेरी

वर जे लिहिलंय ते सगळं वाटणीपत्रात यायला हवं: बोळ, पन्हळ, सामाईक भिंत, जिना, गच्ची, ड्रेनेजची लाइन. नव्वद टक्के वाटणीपत्रांत ‘पूर्वेकडील भाग’, ‘पश्चिमेकडील भाग’ एवढंच असतं आणि मग पुढची पिढी आमच्याकडे येते. (आमचं पोट त्यावर चालतं, तरी सांगतो.)

शहापूरकर, तुमच्या प्रश्नात एक गोष्ट ओझरती आली आणि पुढे गेली. ताई. वडिलोपार्जित घर आहे म्हणता, तेव्हा हिंदू वारसा कायद्याच्या २००५ च्या दुरुस्तीनं मुलीला जन्मतः मुलाइतकाच हक्क आहे. ती दुरुस्ती लागू झाली तेव्हा वडील हयात असायला हवेत असं नाही, हे सुप्रीम कोर्टानं ११ ऑगस्ट २०२० ला विनीता शर्मा खटल्यात स्पष्ट केलं. घर वडिलांचं स्वतःचं धरलं तरी आई आणि तिन्ही मुलं वारस आहेतच. म्हणजे दोन घरं करायची असली तरी हक्कदार चार. आई आणि ताई काय घेणार, काय सोडणार, हे ठरल्याशिवाय दोघा भावांत वाटणी होऊच शकत नाही.

कंग्राळीकर

लग्नात सगळं दिलेलं असतंय की. आता परत घरात वाटा कसला?

अनगोळची_लेक

लग्नात पातेली दिली होती. पातेल्यावर सिटी सर्व्हे नंबर नसतो.

शहापूरचा_सोपा

😀 ताई हक्क सोडायला तयार आहे, तिनं स्वतःहून सांगितलंय. उन्हाळ्यात मुलांना घेऊन येते तेव्हा राहायला एक खोली असावी, एवढंच तिचं म्हणणं. कोल्हापुरातल्या वकिलांनी तिला सांगितलं की हक्कसोडपत्र तिथेच नोंदवून टाका, स्वस्तात होतं. चालेल का?

कोर्टकचेरी

नाही. जागा बेळगावात, तेव्हा नोंदणी बेळगावच्याच सब-रजिस्ट्रारकडे. स्टॅम्प ड्युटीही कर्नाटकाची, कोल्हापूरचे दर इथे लावू नका. ताईंना येणं जमत नसेल तर त्यांनी राहत्या ठिकाणच्या सब-रजिस्ट्रारसमोर मुखत्यारपत्र करून द्यावं, नोंदणी कायद्याच्या कलम ३३ प्रमाणे. नोटरीचं मुखत्यारपत्र आणलंत तर परत पाठवतील. ते महाराष्ट्राच्या स्टॅम्पवर केलेलं असेल आणि इथली ड्युटी जास्त असेल तर फरक इथे भरावा लागतो. माझं मत विचाराल तर कागद फिरवण्यापेक्षा ताईंनाच दोन दिवस माहेरी बोलवा.

दुसरं, सीमेपलीकडच्या पाहुण्यांचे सल्ले जपून घ्या. महाराष्ट्राची २०२० ची एकत्रित बांधकाम नियमावली, तिथला वाढीव एफएसआय, ह्यातलं इथे काहीच लागू नाही. चंदगडात झालं म्हणून शहापुरात होत नाही.

घरातल्या वाटणीपत्राला ड्युटी बाजारभावाच्या टक्क्यांत नसते, प्रत्येक हिश्शाला ठरावीक रक्कम असते. खरेदीखतासारखा खर्च येईल ह्या भीतीनं ते लांबवू नका.

जुना_ओव्हरसियर

वकीलसाहेबांशी एका बाबतीत माझं जमत नाही, म्हणून लिहितो. वाटणीपत्र आधी केलंत तर परवान्याला अडचण येते. मनपाला मग एक प्लॉट दिसत नाही, दोन मालकांच्या दोन जागा दिसतात. मागच्या जागेला रस्ताच नाही. पुढच्या जागेची मागची हद्द घराच्या पोटातून जाते, तिथे मोकळी जागा सोडा म्हणतील. एकाच नावानं किंवा सगळ्या वारसांच्या संयुक्त नावानं नकाशा टाकलात तर तोच नकाशा ‘दोन कुटुंबांचं घर’ म्हणून सरळ बघितला जातो. आधी परवाना, मग वाटणी.

कोर्टकचेरी

इंजिनिअरच्या अंगानं बरोबर आहे. पण घरात वयस्कर आई आहेत. परवाना, बांधकाम, दाखला हे सगळं होईपर्यंत वाटणी टांगून ठेवायची आणि मधेच काही झालं तर वारसा नोंद परत पहिल्यापासून. असे घोळ मी रोज बघतो.

जुना_ओव्हरसियर

मग मधला मार्ग घ्या. संयुक्त नावानं परवाना मंजूर होऊ दे, बांधकामाची वाट बघू नका. मंजूर नकाशाच वाटणीपत्राला जोडा आणि कुणाला कुठलं घर ते त्यावर रंगवून दाखवा. जमीन दोघांची अविभक्त ठेवा, फक्त घरं वाटा. मग प्लॉट पडत नाही आणि बुडाचाही प्रश्न येत नाही.

कोर्टकचेरी

हे मान्य. पण त्याच्याही आधी सिटी सर्व्हेत वारसा नोंद आणि मनपात ई-खाता (मिळकतीची ऑनलाइन नोंद) सगळ्या वारसांच्या नावावर. ऑक्टोबर २०२४ पासून शहरी मिळकतीची नोंदणी ई-खात्याशिवाय होत नाही. वंशावळ नाडकचेरीतून (महसूल खात्याच्या स्थानिक कार्यालयातून) काढा. बोजा दाखला नोंदणी खात्याच्या कावेरी पोर्टलवर ऑनलाइन मिळतो. शहापूर सांगली संस्थानात होतं, त्यामुळे तुमच्याकडे मोडीतले कागद असण्याची शक्यता आहे. ते टाकू नका, पण मनपाला दाखवायला जाऊही नका. त्यांना सिटी सर्व्हेचा उतारा पुरे.

मागवाला_वडगाव

आमचं खाली माग, वर घर आहे. मागाची खोली बंद करून तिथं भावाचं घर करायचं आहे. आम्हाला पण हेच लागू?

जुना_ओव्हरसियर

तुमचं सोपं आहे, धंद्याकडून राहण्याकडे येताय. मागाची जोडणी रीतसर बंद करून घरगुती घ्या आणि घरफाळ्याच्या नोंदीत वापर बदलून घ्या, नाहीतर धंद्याच्या दरानं भरत राहाल. फरशीखाली मागाचे खड्डे असतील तर ते नीट भरून, ठोकून मगच भिंत उभी करा. नुसती माती लोटून वर भिंत घेतली तर दोन पावसाळ्यांत तडा जातो. उलट दिशेनं, म्हणजे घराचं दुकान किंवा कारखाना करायचा असेल, तर मात्र भूवापराचा प्रश्न येतो.

हिंडलगेकर

आमची ग्रामपंचायत आहे, मनपा नाही. पीडीओ (पंचायत विकास अधिकारी) म्हणतात बुडाकडून आणा, बुडावाले म्हणतात पंचायतीत जा.

जुना_ओव्हरसियर

घराचा परवाना पंचायतीचा, १९९३ च्या पंचायत राज कायद्याचं कलम ६४. पण गाव बुडाच्या हद्दीत असलं तर प्लॉट मंजूर लेआउटमधला किंवा गावठाणातला हवा. ई-स्वत्तूचा (पंचायत मिळकतींची ऑनलाइन नोंद) नमुना ९ आणि ११-अ आहे का बघा. ११-ब (नियमात न बसणाऱ्या मिळकतीचा) असेल तर गाडं तिथेच अडलंय, आधी ते. कॅम्पातल्या कुणी विचारायच्या आत सांगतो: तिथे कॅन्टोन्मेंट बोर्ड आणि २००६ चा वेगळा कायदा. ओल्ड ग्रँटचा बंगला असेल तर जमीन तुमची नाहीच, वाटणीचं नंतर बघा.

निपाणकर

निपाणीत नगरपालिका, १९६४ चा कायदा, कलम १८७. बाकी सगळी रडगाणी हीच. अर्ज कन्नडमध्ये असतो, त्याचं टेन्शन घेऊ नका, इंजिनिअर भरून देतो. सही करायच्या आधी ‘राहणारी कुटुंबं’ हा रकाना वाचून घ्या म्हणजे झालं. आमच्या नकाशात एक लिहून गेलं होतं. आणि अर्ज सकालमध्ये (मुदतीत सेवा देण्याची सरकारी योजना) नोंदवून पावतीचा नंबर घ्या. नुसता टेबलावर ठेवून आलात तर तो टेबलावरच राहतो.

कंग्राळीकर

एवढं सगळं करण्यापेक्षा अक्रम-सक्रममध्ये दंड भरून मोकळं होत नाही काय?

कोर्टकचेरी

बेकायदा बांधकाम नियमित करायची ती योजना जानेवारी २०१७ मध्ये सुप्रीम कोर्टानं थांबवली. त्या भरवशावर आज भिंत घालू नका. आणि शेजाऱ्याला विसरू नका. उडुपीच्या नगरपालिकेचा १९७४ चा सुप्रीम कोर्टाचा निकाल आहे: राहण्याच्या वस्तीत नियम मोडून थिएटरला परवानगी दिली होती, एका रहिवाशानं आव्हान दिलं आणि ती रद्द झाली. तुमच्या दोन्ही भिंती सामाईक आहेत, म्हणजे दोन रहिवासी तर तुम्हाला चिकटूनच आहेत. काम काढायच्या आधी त्यांच्या घरी जाऊन चहा घ्या आणि भिंतीत कुठे तुळई घालणार ते सांगा.

शहापूरचा_सोपा

सगळ्यांचे आभार. दरम्यान झालेलं सांगतो. झोनिंग दाखला हातात आला. गल्ली नकाशात रुंद धरलीय, साहेब म्हणाले तसंच. त्यामुळे पुढच्या भागाला हात लावत नाही. इंजिनिअर येऊन मापं घेऊन गेले. त्यांनी खाली-वरपेक्षा पुढे-मागेच सुचवलं: पुढचं घर म्हणजे सोपा, माजघराचा निम्मा भाग आणि वरच्या दोन खोल्या. मागचं घर कौलं उतरवून नवीन, मधे आठ बाय दहाचा चौक. दादा पुढे, मी मागे. बोळ चार फुटांचा. चौकात उतरणारी एक खोली आईची, ताई आली की तिथेच राहील.

जिना कुठे घ्यायचा एवढं अडलंय. दादाला बोळातून बाहेरचा जिना हवाय, म्हणजे वरच्या खोल्या पुढेमागे भाड्यानं देता येतील.

जुना_ओव्हरसियर

बोळात जिना नको. चार फुटांतले तीन फूट जिन्यानं खाल्ले की तुमच्या घरी रुग्णवाहिकेचं स्ट्रेचर येणार नाही. शिवाय बोळ हीच मागच्या घराची वाट, ती नकाशात मोकळी दिसली पाहिजे. जिना सोप्याच्या आतून घ्या, पण सोप्यात वेगळं दार ठेवून. भाड्यानं द्यायचं ठरलं तर ते तिसरं घर होईल, तेव्हाचा अर्ज तेव्हा. आज नकाशात दोनच दाखवा आणि दोनच बांधा. माजघराची भिंत चिऱ्याची आहे की मातीची, ते एका कोपऱ्यात गिलावा काढून बघा. मातीची असेल तर वरच्या मजल्यावर नवीन संडास-बाथरूमचा भार तिच्यावर टाकू नका.

शहापूरचा_सोपा

चिऱ्याची आहे, बघितलं. जिन्याचं दादाला सांगतो, ओढाताण होईल थोडी. शेवटचा प्रश्न वकीलसाहेबांना: विहीर मागे, माझ्या वाट्याला येते. पण पाणी दोन्ही घरांना तीच. उन्हाळ्यात नळाला पाणी नसलं की सगळं तिच्यावरच.

कोर्टकचेरी

विहीर कुणाच्याच वाट्याला घालू नका, सामाईक ठेवा. मोटर एक की दोन, बिल कुठल्या मीटरवर, गाळ काढायचा खर्च निम्मा-निम्मा, आणि दादाकडच्यांना बोळातून विहिरीपर्यंत कधीही यायचा हक्क, हे चार ओळींत स्पष्ट लिहा. पुढे कुणी आपला भाग विकला तर घेणाऱ्यालाही हे बांधील राहील, हे वाक्य विसरू नका. पाइपलाइन आत्ताच दोन टाका, परड्यातली फरशी घालायच्या आधी.